बटण दाबलेलंच राहिलं

"आई, श्वास घे," माझा लेक कानात म्हणाला. मी घेतला.

"सोड."

सोडला.

"आता धर. हलू नको."

धरला. लगेच ते यंत्र माझ्याभोवती असं ठोकायला लागलं की जणू लोहाराची सगळी आळी एकदम घण घेऊन उठली.

जन्मभर मी अंगदला सांगत आले, ऊठ, तोंड धू, जेव, धार काढ. आता तो मला सांगणार होता श्वास कधी घ्यायचा ते! पण उताण्या पडलेल्या बाईचा तोरा किती चालणार? छातीवर पाटीसारखं काहीतरी बांधलेलं, कानावर टोपणं, अंगात मागून उघडा झगा. गळ्यातलं आणि पायातलं सगळं काढून एका रुमालात बांधून ठेवलेलं. नवरा जिवंत असताना बोडकी करून मला त्या बोगद्यात सरकवली होती.

आधी त्या यंत्रात एक बाई बोलत होती. इंग्रजीत. तिनं सोड म्हटलं की मी घ्यायची आणि घे म्हटलं की सोडायची, त्यामुळे पहिले सगळे फोटो हलले. यंत्र चालवणारी नसरीन नावाची पोर होती, आमच्या बीडकडची. ती आत येऊन म्हणाली, "आजी, तुमच्या मुलाला माईकवर बसवू का? तुमच्या भाषेत सांगेल. एरवी इथं कुणाला येऊ देत नाही, पण तुमचा फोटो नीट यायला पाहिजे."

"बसव की," म्हटलं. "बघू तरी ह्याचं मी किती ऐकते ते."

अंगद काचेपलीकडच्या खोलीत जाऊन बसला. त्याच्या मागनं आमचे मालकही गेले, कोपऱ्यातल्या स्टुलावर. नसरीननं त्याला शिकवलेलं मला टोपणातनं ऐकू आलं, "भाऊ, हे बटण दाबलं की तुमचा आवाज आत जातो. बोलून झालं की परत दाबायचं, मग बंद होतं."

बोलून झालं की परत दाबायचं. हे आमच्या माणसाला सांगून काय उपयोग? आमच्याकडं विहिरीवरच्या मोटरीचं बटण चालू करायला दाबतात. बंद करायला कुणी दाबत नाही. लाईट जाते आणि मोटर आपोआप बंद पडते.

मी तिथं कशी पोचले ते सांगते.

भूमच्या अलीकडं आमचं गाव. त्या पट्ट्यात खव्याच्या भट्ट्या. आमची भट्टी माझी, हे मी पहिल्यापासून म्हणत आले आणि कुणाला खोडता आलं नाही. कढईतलं दूध लांब दांड्याच्या उलथण्यानं हलवत राहायचं. हात थांबला की दूध लागलं, आणि लागलं की सगळ्या कढईला वास. त्या कढईवर घर बांधलं, विहीर पाडली, अंगदचं लग्न केलं. आणि मग मला दम लागायला लागला.

आधी चढावर. मग सपाटीवर. मग जेवताना. पाय सुजले, बोट दाबलं की खड्डा राहायचा. पोट असं फुगलं की बाजारात एक बाई मला म्हणाली, "सोजरबाई, ह्या वयात?" तिला मी जे उत्तर दिलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

भूमच्या डॉक्टरानं विचारलं, "काय काम करता?" भट्टी म्हटल्यावर त्यानं कानात नळ्यासुद्धा घातल्या नाहीत. म्हणाला, "धूर. फुफ्फुसं गेली." तोंडात मारायचा पंप दिला. तो मी मारला, सहा महिने मारला. त्यानं भिंतीवरची पालसुद्धा हलली नसती. मग ज्याला-त्याला तेच सापडलं. अंगद म्हणाला, "आई, भट्टी बंद करू." सून म्हणाली, "आत्या, आता बसून खावा." माझी नणंद भामावन्सं माहेरी आली की गळा काढायची, "वैनी, ह्या भट्टीनं खाल्लं गं तुला." ज्या कढईनं ह्या सगळ्यांना पोसलं, तिच्यावरच आळ! माझा संताप व्हायचा. संताप झाला की दम लागायचा, आणि दम लागला की म्हणायचे, "बघा, धूर."

शेवटी पुण्याला आणलं. तिथले नाफडे डॉक्टर वेगळे निघाले. त्यांनी माझ्या मानेकडं बघितलं, तिथली शीर बोटानं दाबली, म्हणाले, "मोठा श्वास घ्या." घेतला. शीर खाली जायची ती उलटी वर फुगली. त्यांचा चेहरा बदलला.

"आजी, एमआरआय करू. नुसता फोटो नाही, चालता. तुम्ही श्वास घेताना फुफ्फुस आणि हृदय दोन्ही कसं हलतं ते एकत्र बघायचंय मला."

"धूर दिसंल का त्याच्यात?"

"असला तर दिसेल."

"मग काढा. आन् नसला तर माझ्या लेकाला तसं लिहून द्या."

तर अशी मी त्या बोगद्यात. घे, सोड, धर. हळूहळू आम्हा दोघांना ते जमलं. मधेच अंगद आपला आपण "शाबास" म्हणाला. मी हसणार होते, पण हलायचं नव्हतं. मग म्हणाला, "आई, आता धरायचा न्हाई. नुसता खोल खोल घेत राहा, सोडत राहा." यंत्र ठोकत राहिलं. मी घेत राहिले, सोडत राहिले. ठोकणं थांबलं.

आणि कानात नाफडे डॉक्टरांचा आवाज आला, तेही काचेपलीकडच्या खोलीत येऊन पोचले होते. ते माझ्याशी बोलत नव्हते.

"हे बघा. श्वास आत ओढला की हृदयाचा मधला पडदा डावीकडं ढकलला जातोय. सोडला की परत येतोय. हृदयाला फुगायला जागाच नाही. भोवतीचं आवरण जाड झालंय, कडक झालंय. आवळून धरलंय त्यानं."

"आन् फुफ्फुसं, साहेब?" अंगदचा आवाज. "भट्टीचा धूर हाय, लई वर्षं."

"फुफ्फुसं ह्या वयाला चांगली चाललीत. वरच्या बाजूला एक जुना व्रण आहे, तो धुराचा नाही."

मला त्या बोगद्यातनं उठून ओरडावंसं वाटलं, ऐकलंस का रे गाढवा? पण मी पडून राहिले. म्हटलं, अजून चांगलं काहीतरी ऐकायला मिळेल.

"आईंना कधी टीबी झाला होता?"

"छे छे," अंगद म्हणाला. "आमच्या घरात तसलं काही न्हाई."

"नीट आठवा. जुनी गोष्ट असेल. असं आवरण आपल्याकडं बहुतेक वेळा टीबीनंतरच होतं. बाबा, तुम्ही सांगा."

मग आमच्या मालकांचं खाकरणं. ते खाकरणं मी आंधळी झाले तरी ओळखीन. खोटं बोलायच्या आधी ते खाकरत नाहीत. खरं बोलायची वेळ आली की खाकरतात.

"झालता," ते म्हणाले.

"बाबा?"

"तू अंगावर पीत व्हतास तवा. बार्शीच्या दवाखान्यात फोटो काढलता. सुया दिल्या, गोळ्या दिल्या."

"पूर्ण केलं औषध?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई. मधीच बंद केलं."

"का?"

मालक भलतंच बोलले. "पण साहेब, तिला म्हाईत न्हाई. तिला सांगू नका."

आणि माझा लेक, मला श्वास घ्यायला शिकवणारा, लगेच बापाच्या मागं उभा राहिला. "व्हय डॉक्टर, आईला काही बोलू नका. धूरच म्हणू आपण. माझ्या पोरीचं, मोनिकाचं, जमत आलंय. पाव्हणे येणार हायेत सुपारीला. घरात टीबी म्हटलं तर..."

"सर, आजींचे ठोके एकदम वाढलेत," नसरीन म्हणाली. आणि मग, "अय्या! भाऊ, बटण!"

टक् झालं. सगळं शांत.

त्या शांततेत मी काय केलं? काही नाही. हलायचं नाही असं सांगितलं होतं, मी हलले नाही. पण डोळ्यासमोर आमची पडवी आली.

अंगद पाचेक महिन्यांचा होता. मला संध्याकाळचा ताप यायचा, खोकला यायचा. मला बार्शीला नेलं, घरच्यांनी मला सांगितलं, उष्णतेचा ताप आहे, सुया-गोळ्या त्याच्याच. आल्यावर सासूनं माझं अंथरूण गोठ्याशेजारच्या पडवीत टाकलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा. आणि पोराला माझ्याजवळनं उचललं. म्हणाली, "तुझं दूध नासकं हाय. लेकराला सोसंना."

नासकं. मी एकोणीस वर्षांची होते. पोर आत रडायचं आणि इकडं माझी चोळी भिजायची. छाती ठणकायची म्हणून मी दूध पिळून चुलीच्या राखेत टाकायची. पोराला शेळीचं दूध घालून वाढवलं. गावातल्या बायकांत झालं, सोजरचं दूध नासकं. पुढं दुसरं पोर झालं नाही, तेव्हा म्हणाले, हिचं सगळंच नासकं. माझ्या माहेरच्यांनीसुद्धा मान खाली घातली. त्याच्यानंतर मी हातात उलथणं घेतलं आणि दुधाचा धंदा असा केला की आमच्या खव्याला बाजारात कुणी हात लावून बघायचं नाही, नाव ऐकूनच घ्यायचं. का केला ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. ह्यांना सांगायची गरजच नव्हती, ह्यांना माहीत होतं.

ह्यांना सगळंच माहीत होतं.

टोपणात परत आवाज आला. अंगदचाच, पण चिंधीसारखा. "आई... श्वास घे."

"घेते," मी म्हणाले. आतनंही बोललेलं बाहेर जातं, ते नसरीननं आधीच सांगितलं होतं. "तुझ्या बापाला म्हणावं, त्यांनी आता धरून ठेवावा. मी बाहेर येतेय."

उरलेले फोटो मी काढू दिले. घे म्हटलं, घेतला. धर म्हटलं, धरला. नसरीन नंतर मला झगा बदलताना म्हणाली, "आजी, एवढं ऐकून पण तुम्ही हलला नाहीत. एक फोटो बिघडला नाही."

"बिघडला असता तर ह्यांनी तोपण लपवला असता," म्हटलं. "माझी जोडवी आण. नको, राहू दे. आता घाई नाही."

बाहेर तिघंही उभे होते. डॉक्टर, अंगद, आणि आमचे मालक. मालक भिंतीवरच्या पाटीकडं बघत होते, तिच्यावर काही लिहिलेलंसुद्धा नव्हतं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "ऐकलंय मी. आता माझ्या तोंडावर बोला."

अंगद मधे पडला. "आई, आधी खोलीवर जाऊ, तू दमलीस..."

"तू गप. तुला मला श्वास घे म्हणायला बसवलं होतं. माझ्या वाटचं बोलायला कुणी बसवलं नव्हतं."

नाफडे डॉक्टरांनी खुर्ची ओढून माझ्यासमोर घेतली आणि बसले. हे मला आवडलं. उभ्या उभ्या बोलणारा डॉक्टर निघायच्या तयारीत असतो.

म्हणाले, "आजी, टीबी आता तुमच्यात दिसत नाही, तो कधीच विझलाय. पण जाताना हृदयाभोवती कवच करून गेला. दम, सूज, पोटातलं पाणी, सगळं त्याचंच."

"दूध न हलवता ठेवलं की कढईला थर धरतो, तसं?"

"तसंच. आणि तो थर खरवडून काढावा लागेल. छाती उघडून. सोपं नाही, मी खोटं सांगत नाही. टेबलावर काही होऊ शकतं."

"न्हाई काढला तर?"

"दम वाढत जाईल."

"म्हंजे बसून मरायचं."



"डॉक्टर, आम्ही घरी विचारविनिमय करून सांगतो," अंगद म्हणाला. "ह्या वयात एवढं मोठं..."

"घरी म्हंजे कोण?" मी विचारलं. "घरच्या विचारानं एकदा माझं औषध बंद केलं. आता घरच्या विचारानं मलाच बंद करायचं का?"

चाळिशी ओलांडलेला बाप्या, पण त्याचे डोळे भरून आले. मला त्याची दया आली, पण राग त्याच्याहून मोठा होता. "कवा करायचं ते सांगा, डॉक्टर," म्हटलं. "सही मी करणार. वाकडी असंल, पण माझी असंल."

मग अंगदला म्हटलं, "चहा आण जा." तो गेला. डॉक्टर आपल्या कामाला गेले. बाकावर आम्ही दोघंच. लग्न झाल्यापासनं आम्ही इतके जवळ चारचौघांत कधी बसलो नव्हतो.

"का बंद केलं?" मी विचारलं.

त्यांनी खाकरलं. म्हटलं, चला, खरं येतंय.

"भामीचं जमलं व्हतं. वैरागच्या पाव्हण्यांकडं. सुई टोचायला कंपाउंडर घरी यायचा. गाव विचारायला लागलं, का येतो म्हणून. आई म्हणाली, घरात क्षय हाय कळलं तर पोरगी कोण नेतंय? तवा तुला जरा बरंबी वाटत व्हतं. आईनं मला शपथ घातली."

"आणि दूध नासकं?"

"डॉक्टरनं लेकरू लांब ठेवा सांगितलतं. तुला कारण काय सांगायचं, म्हणून आई तसं..."

"आई गेली कवा?"

"आँ?"

"तुमची आई. कवा वारली?"

"अंगद शाळेत जायला लागला, त्याच्या पुढच्या साली."

"मग त्याच्या पुढं कुणी शपथ घातली?"

त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"आई गेली, शपथ तिच्याबरोबर जळाली. वन्सं नांदायला जाऊन त्यांना नातवंडं झाली. आणि तुम्ही रोज माझ्यासमोर ताटावर बसत होता. बायका मला नासकी म्हणत होत्या, तेव्हा तुम्ही भाकरी मोडत होता. एक शब्द होता तुमच्याजवळ. तेवढा टाकला असता तर मी ताठ चालले असते."

"चालत व्हतीसच की तू ताठ," ते हळूच म्हणाले.

ह्या बोलण्यावर मला इतका राग आला की परत दम लागला. "ते माझ्या जिवावर. तुमच्या न्हाई," म्हटलं. "आता ऐका. मला आत नेतील त्या दिवशी वन्सं येतील, भावकी येईल. सगळे म्हणतील, धुरानं केलं. तवा तुम्ही उठायचं आन् खरं काय ते सांगायचं. माझ्या समोर. मी ऐकल्याशिवाय आत जाणार न्हाई. डॉक्टर थांबला तर थांबला."

"आगं, पण मोनिकाचं..."

"मोनिकाला मी रात्री फोनवर सांगणार हाय. जो पाव्हणा तिच्या आजीच्या बऱ्या झालेल्या रोगाला भिऊन पळंल, तो तिच्या दुखण्यात उभा राहील का? पळायचा तर आत्ताच पळू दे."

सांगितलंही मी. मोनिकानं फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजी, मी सांगू का त्यांना, का बाबा सांगतील?" म्हटलं, बाईची अक्कल ह्या घरात एक पिढी सोडून उतरलेली दिसतेय.

ऑपरेशनच्या सकाळी बाहेरचा व्हरांडा आमच्याच माणसांनी भरला. मला चाकाच्या पलंगावर आडवी करून आणली होती. नसरीनसुद्धा खालनं भेटायला आली होती. भामावन्सं आल्या त्या डोळ्याला पदर लावूनच. माझा हात धरला आणि गळा काढला, "वैनी! किती येळा म्हटलं, सोड ती भट्टी! त्या धुरानं..."

मी आमच्या मालकांकडं बघितलं.

ते खाली बघत होते. अंगदनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. थांबवायला ठेवला की उठवायला, मला सांगता येत नाही. पण ते उठले. टोपी काढून हातात घेतली, मयताला काढतात तशी. खाकरले.

"धूर न्हाई, भामे," ते म्हणाले. "तिला टीबी झालता. अंगद बारका व्हता तवा. आम्हाला म्हाईत व्हतं. आम्ही औषध मोडलं, आन् तिला सांगितलं न्हाई. तुझं लगीन व्हतं."

माझा हात धरलेली वन्संची बोटं सैल झाली.

"म्हंजे," त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी, वैनी?"

"तुमच्यासाठी न्हाई, वन्सं," मी म्हटलं. "तुमचं नाव घेऊन. तुम्हालाबी कुठं विचारलं होतं कुणी?"

मग त्यांनी पदर डोळ्यावरनं काढला आणि भावाकडं वळल्या. साठीला आलेली बाई, आयुष्यात भावापुढं कधी मोठ्यानं बोलली नव्हती. म्हणाल्या, "दादा, तू आणि आईनं मला इतकी वर्षं हिच्या जिवावर नांदवली?"

वॉर्डातला माणूस म्हणाला, "चला आजी, बोलावतायत."

"चला," मी म्हटलं. पलंग हलला. दाराशी पोचतोय तोवर मागनं आमच्या चुलतदिराचा आवाज आला. तो उशिरा पोचला होता आणि विचारत होता, "काय झालं? धुराचंच ना?"

"न्हाई," आमचे मालक म्हणाले, आणि पहिल्यापासनं सगळं परत सांगायला लागले. दार लागेपर्यंत मला ऐकू येत होतं. दुसऱ्यांदा तेच खरं सांगताना ते खाकरले नाहीत.